भांडण शब्दाचं की नाडीचं?

आषाढात मावळात भाताची लावणी सुरू झाली की आमच्या ओपीडीची गर्दी दोन पाळ्यांत येते. सकाळी लवकर कामावर जायची घाई असलेली माणसं, आणि अकरानंतर चिखलाचे पाय धुऊन शेतातून आलेली. अशाच एका अकरानंतरच्या गर्दीत तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आजी आणि आई आल्या. बाकावर बसल्यापासून दोघींची जुंपली होती, ती माझ्या टेबलापर्यंत थांबली नव्हती.

"पोराला ताप हाय," आजी म्हणाल्या.

"ताप नाहीये. अंग जरा कोमट आहे," आई म्हणाली.

सिस्टरनं थर्मामीटर लावला. ९९.४.

"बगा, म्हनलं नव्हतं?" आजी.

"बघा, शंभरसुद्धा नाही," आई.

आकडा एकच, आणि जिंकल्या दोघी. म्हणजे वाद होता तिथंच राहिला. थर्मामीटरनं तो मिटायला हवा होता, असं आपल्याला वाटतं; पण मुलाचं अंग किती गरम आहे याबद्दल त्या दोघींचं दुमत कधी नव्हतंच. आजींच्या लेखी हाताला नेहमीपेक्षा जास्त ऊब लागली की तो ताप. आईच्या लेखी औषध द्यावं लागतं तो ताप. मी ताप हा शब्दच बाजूला ठेवला आणि विचारलं, काल रात्रीपासून लघवी किती वेळा केली, खातोय का, खेळतोय का, श्वास भरभर चालतोय का. या प्रत्येक प्रश्नाला दोघींचं उत्तर सारखं आलं. मूल ठणठणीत होतं. सर्दीचं औषधही द्यावं लागलं नाही.

तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढल्यावर माझी अशी खात्री झाली आहे की माझ्या टेबलासमोर होणाऱ्या भांडणांतली बरीचशी या जातीची असतात. वरून वाटतं की एक जण खरं बोलतोय आणि दुसरा खोटं. प्रत्यक्षात दोघांनाही तेच दिसतंय, फक्त त्याला नाव काय द्यायचं यावर अडलंय. आणि काही भांडणं बरोबर उलटी असतात. वरून वाटतं, नुसता शब्दाचा खेळ आहे, कोणी काही म्हणो. आणि आत एक असा प्रश्न दडलेला असतो ज्याचं उत्तर ईसीजीच्या कागदावर येतं. ही दोन्ही वेगळी ओळखता आली नाहीत तर काय होतं, ते मी एकदा फार वाईट रीतीनं शिकलो. त्याकडे येतोच.

आधी तापाचं पुरं करू. शरीराचं 'नॉर्मल' तापमान ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ फॅरनहाइट, ही रेघ जर्मनीतल्या लाइपझिगच्या डॉ. वुंडरलिश यांनी १८६८ साली पुस्तकरूपानं आखली. सुमारे २५ हजार रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून त्यांनी ती काढली. पुढे १९९२ मध्ये अमेरिकेत निरोगी माणसांवर नव्यानं मोजमाप झालं तेव्हा सरासरी ९८.२ आली, आणि दिवसभरातली निरोगी वरची मर्यादा ९९.९ पर्यंत गेली. सकाळी अंग थंड असतं, संध्याकाळी अर्धा-एक अंश चढतं. तेव्हा कुठल्या आकड्याला ताप म्हणायचं, हे शरीर आपल्याला सांगत नाही. ते आपण ठरवतो. इंद्रायणीला पूररेषा आखतात तसंच आहे हे. निळी रेषा, लाल रेषा नकाशावर माणसानं ओढलेली असते. पाणी किती चढलं हे मात्र माणसाच्या मर्जीवर नसतं. रेषेबद्दलचं भांडण आणि पाण्याबद्दलचं भांडण ही दोन वेगळी भांडणं आहेत.

रक्तदाबाचंही तेच झालं. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी उच्च रक्तदाबाची रेघ १४०/९० वरून १३०/८० वर आणली. एका दिवसात तिथले कोट्यवधी लोक 'बीपीचे पेशंट' झाले. त्या रात्री कुणाच्याही धमनीत काही बदललं नव्हतं. युरोपातल्या आणि आपल्याकडच्या बहुतेक डॉक्टरांनी निदानासाठी १४०/९० च ठेवली. म्हणून वर्तमानपत्रात वाचून कुणी विचारतं, "डॉक्टर, मला बीपी आहे की नाही? एक म्हणतो आहे, एक म्हणतो नाही," तेव्हा मी म्हणतो, तुमचा आकडा १३४ आहे यावर त्या दोघांचं एकमत आहे ना? मग घाबरू नका. खरा प्रश्न पुढे आहे: १३४ असलेल्या तुमच्यासारख्या माणसानं गोळी घेतली तर पुढच्या दहा वर्षांत लकव्याचा धोका किती कमी होतो? तो प्रश्न शब्दाचा नाही. तो हजारो माणसांवर अभ्यास करूनच सुटतो.

लोणावळ्यात राहून चिक्कीचा विषय न काढणं कठीण. चिक्कीच्या दुकानात काम करणारी एक बाई मधुमेहासाठी येते. "साखर बंद केली का?" "अगदी बंद, डॉक्टर. चहासुद्धा बिनसाखरेचा." आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी नऊच्या वर. मी मनातल्या मनात तिला खोटं ठरवून मोकळा झालो होतो. ती खोटं बोलत नव्हती. साखर म्हणजे डब्यातली पांढरी, दाणेदार वस्तू. ती तिनं खरंच बंद केली होती. दुकानात चव बघताना दिवसाला चार-पाच तुकडे तोंडात जात होते, ते गुळाचे होते. गुळातही बहुतेक भाग साखरेचाच असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं; मीही नाही. माझ्या तोंडी साखर म्हणजे रक्तातली, तिच्या तोंडी किराण्यातली. आता मी 'साखर बंद' असं म्हणत नाही. काय काय खाल्लं ते सकाळपासून सांगा, म्हणतो. वेळ लागतो, पण तपासण्या सुधारतात.

आता जरा मोठी गोष्ट. तीही लोणावळ्याचीच आहे, आणि इथं वाढलेल्यांनासुद्धा फारशी ठाऊक नसते.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं, हे बहुतेकांना माहीत असतं. त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. संस्कृतचा व्यासंग, योगावर श्रद्धा, आणि तरी हातात क्ष-किरणांचं यंत्र आणि दाबमापक. उड्डियान आणि नौली करताना पोटाच्या आत नेमकं काय होतं, हे त्यांनी मोजलं, आणि 'योगमीमांसा' नावाचं नियतकालिक काढून ते छापलं. मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो यासाठी की, जे मोजता येतं ते मोजायला त्यांनी लाज बाळगली नाही.

'प्राण' या शब्दावरचा घोळ त्यांच्या काळीही होता, आजही आहे. प्राणायामानं शरीरात ऑक्सिजन वाढतो, असं सकाळच्या फिरायला येणाऱ्या मंडळींत ठामपणे सांगितलं जातं. हे विधान मोजता येतं. १९३० च्या दशकात कैवल्यधामात प्राणायामाच्या वेळी आत जाणारा ऑक्सिजन आणि बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजण्याचं काम झालं. आज तर करोनानंतर घरोघरी ऑक्सिमीटर आहे. निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन साधा श्वास घेतानाच ९७-९८ टक्के भरलेलं असतं. खोल श्वासानं त्यात भर पडायला जागाच फारशी नाही. हे दाखवलं की समोरून उत्तर येतं, "अहो, प्राण म्हणजे ऑक्सिजन नव्हेच." ठीक. मीही तेच म्हणतो. पण मग पहिल्या वाक्यात ऑक्सिजन आला कुठून? बोलता बोलता शब्दाचा अर्थ बदलला आणि मोजता येणारं विधान मोजता न येणारं झालं. वादात हे पाऊल कधी पडलं ते ओळखता आलं पाहिजे. प्राणायामानं मन शांत होतं, श्वासाची लय सुधारते, हे मी नाकारत नाही; मी स्वतः रोज पंधरा मिनिटं करतो. ऑक्सिजनसाठी नाही.

या सगळ्यात गाजलेला दावा होता हृदय थांबवण्याचा. काही योगी इच्छेनुसार हृदय थांबवतात, असं शतकानुशतकं सांगितलं जात होतं, आणि सांगणाऱ्यांत डॉक्टरही होते. त्यांनी योग्याच्या मनगटावर बोटं ठेवली होती, नाडी नाहीशी झाली होती. छातीला स्टेथोस्कोप लावला होता, ठोके ऐकू आले नव्हते. १९३५ साली थेरेस ब्रोस या फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ ईसीजीचं यंत्र घेऊन भारतात आल्या. एका योगाभ्यासकाच्या आलेखात हृदयाच्या लहरी जवळजवळ सपाट झाल्याचं त्यांनी नोंदवलं. दुसऱ्या बाजूला, हे सगळं थोतांड आहे म्हणणारे होतेच. दोन्ही बाजू एकमेकांना खोटारडे म्हणत राहिल्या.

१९५७ मध्ये कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ वेंगर आणि मिशिगनमधले, मूळचे बंगाली, बागची आपली यंत्रं घेऊन भारतात आले. त्यांच्या मुक्कामांत लोणावळ्याचं कैवल्यधामही होतं. दिल्लीच्या एम्समधले शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक आनंद त्यांच्यासोबत होते. हृदयावर ताबा असल्याचं सांगणारे चार जण त्यांनी तपासले. १९६१ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात त्यांचा लेख आला. चौघांपैकी तिघांची पद्धत मिळतीजुळती होती: श्वास रोखायचा, घसा आतून बंद करायचा, छातीचे आणि पोटाचे स्नायू जोरानं आवळायचे. असं केलं की छातीतला दाब वाढतो आणि हातापायांकडून, पोटाकडून हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. हृदयात रक्तच कमी आलं तर ते पुढे काय ढकलणार? मनगटाची नाडी क्षीण होत होत नाहीशी होते. स्टेथोस्कोपमध्ये आवळलेल्या स्नायूंची घरघर इतकी येते की ठोके त्यात बुडून जातात. पण ईसीजीवर हृदय चालू होतं. ते थांबलेलं नव्हतं. चौथ्याची रीत वेगळी होती. त्याचे ठोके खरोखरच बरेच मंदावले.

(कृपा करून हे घरी करून पाहू नये. चक्कर येऊन पडाल, आणि तुमच्या घरचे तुम्हाला माझ्याकडेच आणतील.)

आता यात खोटं कोण होतं? "हृदय थांबलं" म्हणणाऱ्यांच्या बोटांना नाडी लागत नव्हती, हे खरं. "थांबलं नाही" म्हणणाऱ्यांच्या कागदावर लहरी होत्या, हेही खरं. थांबणं म्हणजे नाडी न लागणं, असं धरलं तर पहिला बरोबर. थांबणं म्हणजे हृदयाच्या स्नायूचं काम बंद पडणं, असं धरलं तर दुसरा. एवढा भाग शब्दाचा होता, आणि तो एका मिनिटात मिटला असता. पण सगळा वाद शब्दाचा नव्हता, हे विसरून चालणार नाही. नाडी गेली तेव्हा आत हृदय काय करत होतं, हा प्रश्न शब्दकोश उघडून सुटणारा नव्हता. त्यासाठी छातीला तारा जोडाव्याच लागल्या. वेंगर, बागची आणि आनंद यांनी काय केलं? थांबलं-नाही थांबलं हा एकच प्रश्न त्यांनी तोडून चार केले: नाडी लागते का, ठोके ऐकू येतात का, ईसीजी काय सांगतो, रक्त परत येतं का. मग भांडायला फारसं काही उरलं नाही.

हाच 'थांबणं' शब्द दवाखान्यात मात्र वेगळ्याच वजनानं येतो. द्रुतगती मार्गावरच्या एका अपघातानंतर ओळखीच्या कुटुंबातला तरुण मुलगा पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात व्हेंटिलेटरवर होता. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मेंदूमृत्यू सांगितला आणि घरात फूट पडली. काका म्हणत होते, संपलं. वडिलांनी मला फोन लावला. "नाडी लागतीय. अंग गरम हाय. मग गेला कसा म्हनता?"

माझ्याकडे त्यांच्या वाक्याला उत्तर नव्हतं, कारण वाक्यातली प्रत्येक गोष्ट खरी होती. नाडी लागत होती. अंग गरम होतं. काकाही हे नाकारत नव्हते, डॉक्टरही नाही. व्हेंटिलेटर येईपर्यंत हा पेच कधी पडला नव्हता. श्वास, हृदय आणि मेंदू पाच-दहा मिनिटांच्या आत एकामागोमाग बंद पडायचे, त्यामुळे 'गेला' हा एक शब्द तिघांना पुरत असे. यंत्रानं ते तिघे वेगळे केले, आणि शब्द मात्र एकच राहिला. १९६८ मध्ये हार्वर्डच्या एका समितीनं, आणि आपल्याकडे १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानं, या नव्या परिस्थितीत त्या शब्दाची रेघ कुठं ओढायची ते ठरवलं.

पण कायदा वडिलांना सांगून काय उपयोग? मी त्यांना विचारलं, "दादा, गेला की नाही हे क्षणभर बाजूला ठेवू. तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचंय?" पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "उठंल का, तेवढं सांगा."

हा शब्दाचा प्रश्न नव्हता. आणि याचं उत्तर तपासता येतं. डोळ्यात उजेड टाकला तर बाहुली हलते का. बुबुळाला कापसाची वात लावली तर पापणी मिटते का. कानात बर्फाचं पाणी सोडलं तर डोळे वळतात का. व्हेंटिलेटर काढून रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढू दिला तर छाती स्वतःहून एकदा तरी उचलते का. हे सगळं चार डॉक्टर करतात, आणि सहा तासांनी पुन्हा करतात. मी त्यांना एकेक तपासणी काय असते ते सांगितलं, आणि दुसऱ्या वेळी तिथं उभं राहून बघू देतात का, ते विचारा म्हणालो. त्यांनी पुढे काय ठरवलं ते त्यांचं. मी इथं लिहिणार नाही.

"म्हणजे शब्दाचे वाद फिजूलच," असं माझा एक तरुण सहकारी म्हणाला होता. त्याला मी मेळघाटाची आठवण दिली. १९९३ मध्ये तिथले बालमृत्यू गाजले तेव्हापासून एक वाद दर पावसाळ्यात ऐकू येतो. कार्यकर्ते म्हणतात, मुलं कुपोषणानं गेली. कागद म्हणतो, न्यूमोनियानं, जुलाबानं गेली. मूल अशक्त होतं आणि त्याला न्यूमोनिया झाला होता, यावर दोन्हीकडे वाद नसतो. 'कारण' म्हणजे शेवटचा धक्का, की त्या धक्क्यानं पडावं इतकं मूल आधीच खचलेलं असणं? खरं तर आम्ही डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा जो दाखला भरतो, त्यात याची सोय आहे. पहिल्या ओळीत प्रत्यक्ष कारण, खाली ते कशामुळे, त्याखाली ते कशामुळे, आणि शेवटी हातभार लावणाऱ्या इतर गोष्टी. पाच वर्षांखालच्या मुलांचे जगातले जवळजवळ निम्मे मृत्यू या ना त्या प्रकारे कुपोषणाशी जोडलेले असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण दाखला भरणारा हात बहुधा पहिल्या ओळीवरच थांबतो. माझाही थांबलेला आहे, रात्री दोन वाजता.

हा वाद शब्दाचा आहे आणि तरी फिजूल नाही, कारण न्यूमोनिया लिहिलं की इंजेक्शनं येतात आणि कुपोषण लिहिलं की धान्य, रोजगार आणि जबाबदारी येते. महाराष्ट्रानं १९६३ मध्ये चक्क कायदा करून राज्याच्या कायद्यांतून 'दुष्काळ' हा शब्द काढला आणि 'टंचाई' घातला. त्यानंतर नऊ वर्षांनी काय आलं ते माझे वडील सांगायचे: खडी फोडायची कामं, आणि सुकडी. 'बहात्तरची टंचाई' असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मात्र मेळघाटाच्या वादातही एक शुद्ध वस्तुस्थितीचा प्रश्न दडलेला असतो: मुलं एकूण किती गेली? कारणाच्या शब्दावर दोन्ही बाजू तावातावानं भांडत असताना हा आकडा मागे पडतो. तो घरोघर जाऊन मोजावा लागतो, दुसरा उपाय नाही.

उलट दिशेची चूक मी आठवड्यातून एकदा तरी पाहतो. मध्यमवयीन गृहस्थ, छातीवर हात, कपाळावर घाम. "गॅस झालाय. तुम्ही लोक लगेच अटॅक म्हणता. नावाचा काय एवढा बाऊ?" इथं नाव गौण नाही, कारण दोन नावांमागे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गॅसनं ईसीजीच्या रेषा तशा उचलल्या जात नाहीत; गॅसनं रक्तातलं ट्रोपोनिन वाढत नाही. याला काहीही म्हणा, पण कागदावर हे दिसतंय, असं दाखवावं लागतं. अशा वेळी मी वाद घालत नाही, तारा जोडतो.

आणि आता ती गोष्ट, जी सांगायची राहिली होती.

बरीच वर्षं झाली. पवन मावळातली एक मावशी, साठीच्या अलीकडची, मधुमेह असलेली. लावणी करताना मळमळलं, दरदरून घाम आला, म्हणून मुलगा मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. मी विचारलं, "छातीत दुखतंय का?"

"न्हाई."

"अगं, घरी म्हणत होतीस ना दुखतंय," मुलगा म्हणाला.

"मी कवा म्हनलं दुखतंय?" मावशी त्याच्यावर उखडल्या. "दुखत बिखत काय न्हाई."

मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा नाही. मुलगा चिडून गप्प झाला. मला वाटलं, दुखणं जिचं तिचंच म्हणणं खरं, आणि पोरगा घाबरून वाढवून सांगतोय. केसपेपरवर लिहिलं: छातीत दुखणं नाही. पित्ताचं औषध दिलं आणि बाहेर बाकावर बसायला सांगितलं. ओपीडी भरलेली होती.

पाऊण तासानं आमच्या सिस्टर आत आल्या. त्यांनी जाता जाता मावशींना विचारलं होतं, "काय होतंय ते मला बोटानं दाखवा." मावशींनी बोट दाखवलं नाही. त्यांनी मूठ वळली आणि ती छातीच्या मधोमध दाबून धरली. "हितं कुनी धोंडा ठिवल्यावानी."

ईसीजी काढायला मला दोन मिनिटं लागली असतील. रेषा उचललेल्या होत्या, मोठा झटका होता. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं, १०८ मधून पुण्याला पाठवलं. मावशी वाचल्या. पण हृदयाचा जो भाग त्या पाऊण तासात गेला तो परत आला नाही. त्यांचं हृदय पुढे कायमच अशक्त राहिलं, आणि लावणी सुटली ती सुटलीच.

मायलेकांत मतभेद नव्हताच. दोघांनाही माहीत होतं की छातीवर काहीतरी दाबून बसलंय. मुलाच्या तोंडी त्याला दुखणं म्हणतात. मावशींच्या तोंडी दुखणं म्हणजे गळू ठसठसतं ते, विळा लागल्यावर झोंबतं ते. हे दुखत नव्हतं. हे दाबत होतं. एका शब्दावरच्या भांडणाला मी वस्तुस्थितीवरचं भांडण समजलो, त्यात एकाची बाजू घेतली, आणि जी गोष्ट दोघंही मला सांगत होती ती ऐकलीच नाही. हृदयविकाराच्या झटक्यात अनेकांना, विशेषतः बायकांना आणि मधुमेहींना, पुस्तकातल्यासारखं 'दुखत' नाही, हे मला परीक्षेसाठी पाठ होतं. मावशींची ती मूठही पाठ होती. पाठ्यपुस्तकात तिला एका अमेरिकन डॉक्टरचं नाव आहे.

तेव्हापासून मी ओपीडीत 'दुखतंय का' असं विचारत नाही. 'काय होतंय' विचारतो, आणि रुग्णाचा शब्द जसाच्या तसा केसपेपरवर लिहितो: जळजळतंय, दाटून आलंय, भरल्यासारखं, आवळल्यासारखं, कससं होतंय. जबड्यापासून बेंबीपर्यंत नव्यानं काहीही होत असेल आणि सोबत घाम असेल, तर आधी ईसीजी, नाव नंतर. घरच्यांनाही माझं सांगणं हेच आहे: आई 'दुखत नाही' म्हणाली म्हणून थांबू नका, 'मग काय होतंय' ते विचारा, आणि हातानं दाखवायला सांगा.

मावशी नंतर दर महिन्याला गोळ्या घ्यायला येत राहिल्या. त्यांचा तो जुना केसपेपर मी बदलू दिला नाही. 'छातीत दुखणं नाही' या ओळीखाली सिस्टरच्या अक्षरात 'धोंडा' असा शब्द आहे. गेल्या दिवाळीच्या आधी आल्या तेव्हा खुर्चीत बसताना कण्हल्या. माझा हात आपोआप ईसीजीच्या यंत्राकडे गेला.

"काय होतंय, मावशी?"

"दुखतंय," त्या म्हणाल्या. "खरं दुखतंय. गुडगा."